विहिरीतील आगंतुक पाणी

अमेरिकेतील टेक्सास संस्थानात, फोर्ट वर्थच्या आसमंतात, बार्नेट नामक शेल खडकातून वायू काढण्यासाठी आडव्या विहिरी खोदून, प्रचंड दाबाने पाणी व वाळू सोडून खडकास तडे पाडतात. परंतु जेथे त्याखालचा व्हायोला चुनखडकाचा कठीण थर नाहीसा होतो, तेथे हे तडे एलेनबर्गर या जलयुक्त थरापर्यंत पोचण्याचा संभव असतो, आणि मग वायूबरोबर खारे पाणी अव्याहत येऊ लागते.

हे पाणी आपण सोडलेलेच परतते आहे की परके आहे, याची तहकिकात प्रथम करावी लागते. सोडलेले पाणी बहुधा दिवसेंदिवस ओसरते. परके मात्र ओसरण्याचे नाव घेत नाही. केवळ खारटपणा पुराव्यास पुरेसा नाही, कारण सोडलेले पाणीही खडकाच्या सहवासाने खारट होत जाते. म्हणून पाण्याची रासायनिक घडण आणि पाणी-वायूचे गुणोत्तर, दोन्ही दीर्घकाळ पडताळतात. पाणी नेमके कोठून शिरते हे शोधण्यास विहिरीच्या नळीत उपकरणे उतरवितात. पण आडव्या नळीत पाणी तळाशी व वायू माथ्याशी वाहत असल्यामुळे प्रवाहाचा वेग मोजणाऱ्या, मध्यभागी ठेवलेल्या एकाच चक्रीची साक्ष फसवी ठरते, आणि नळीच्या संपूर्ण छेदात अनेक संवेदक मांडावे लागतात. निदान चुकले, तर पाण्याची वाट बुजविण्याच्या खटाटोपात वायूचाच मार्ग बंद होण्याची भीती असते.