ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नाही

गिरड गाव समुद्रपूर तालुक्यात आहे. तालुक्याच्या नावात समुद्र आहे. पण येथे समुद्र नाही, होडीही नाही. येथे ट्रॅक्टर आहेत. कोकणातल्या काही होड्यांची मोटार चावीने सुरू होते. तिच्यात सोलेनॉइड नावाची वस्तू असते. तीच ट्रॅक्टरातही असते.

समजा, कापूस वेचून ट्रॉली भरली आहे. हिंगणघाटच्या बाजाराला जायचे आहे. चावी फिरवली तर नुसते ‘टक्’ वाजले. लोक लगेच म्हणतात, “सेल्फ गेला!” सेल्फ सोडून दुकानात नेतात. दोष मात्र पुष्कळदा तारेत असतो.

पूर्वी मोटारगाडी हँडल मारून सुरू करीत. हँडल उलटे फिरले की माणसाचा हात मोडे. १९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ बसवला गेला. सेल्फ म्हणजे लहान पण जोरकस मोटार. जड इंजिन फिरवायला ती शेकडो अँपिअर वीज ओढते. एवढी वीज चावीतून नेली तर चावीचा स्विच जळेल. म्हणून वाटा दोन केल्या आहेत. जाड तार बॅटरीतून सोलेनॉइडकडे आणि तेथून सेल्फकडे जाते. बारीक तार चावीतून सोलेनॉइडकडे येते.

चावी फिरवली की बारीक तारेतून थोडी वीज येते. सोलेनॉइडच्या वेटोळ्याचे लोहचुंबक होते. ते आतला दांडा ओढते. तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना भिडते आणि मोठी वीज सेल्फकडे धावते. विहिरीवरच्या पंपाचे हिरवे बटण दाबले की स्टार्टरात ‘खट्’ वाजते ना? तेथेही असेच होते.

आता दोष शोधू. गियर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. मग दिवे लावून चावी फिरवा आणि दिव्यांकडे पाहा.

‘टक्-टक्-टक्’ वाजते आणि दिवे मंद होतात? तर बॅटरी उतरली आहे, किंवा जाड तारांचे जोड ढिले आहेत. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी बघा. बिडी विझवा, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. आधी अर्थची तार सोडा. दुसरी आधी सोडली आणि पाना लोखंडाला लागला, तर मोठी ठिणगी पडते. टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग घासून लख्ख करा. बसवताना अर्थची तार शेवटी. अर्थच्या तारेचे दुसरे टोक चेसिसला असते, तेही घासा. ते मातीत झाकलेले असते, म्हणून कोणी पाहतच नाही.

दिवे लख्ख आहेत आणि आवाजच नाही? तर बारीक तार तपासा. तिची टोपी निसटली असेल, उंदराने तार कुरतडली असेल. एकाने क्लच दाबून चावी धरावी. दुसऱ्याने चाकाच्या वाटेत न येता, १२ व्होल्टच्या दिव्याची एक तार चेसिसला आणि दुसरी सोलेनॉइडच्या बारीक टोकाला लावावी. दिवा लागला तर सोलेनॉइड बिघडला. नाही लागला तर दोष मागे आहे : चावीत, तारेत, नाहीतर क्लच-गियरच्या स्विचात.

दिवे लख्ख, ‘टक्’ एकदाच, आणि इंजिन हलत नाही? तर चकती जळाली असेल किंवा सेल्फचे कार्बन झिजले असतील. हे काम मात्र मिस्त्रीचे.

सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पेचकस आडवा टाकून ट्रॅक्टर सुरू करण्याची सवय गावोगाव दिसते. ते करू नका. चावीची वीज क्लच किंवा गियरच्या स्विचातून येते. ट्रॅक्टर गियरमध्ये असेल तर तो स्विच तिला अडवतो. पेचकस त्याला विचारत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पुष्कळ ट्रॅक्टर चावी बंद असूनही फिरवले की पेट घेतात. ट्रॅक्टर गियरमध्ये राहिला असेल तर तो तिथल्या तिथे चालू लागतो. पेचकस धरणारा नेमका मागच्या मोठ्या चाकापुढे उभा असतो. असे करताना माणसे चाकाखाली सापडून मेली आहेत.

आणि चावी सोडल्यावरही सेल्फ घरघरत राहिला, तर चकती बोल्टाला चिकटली असे समजा. इंजिन बंद करून अर्थची तार ताबडतोब ओढून काढा. नवा सोलेनॉइड बसेपर्यंत ती परत लावू नका.