कलमांची राखण आणि ठासणीची बंदूक

फेब्रुवारी लागला की कोकणातल्या आमच्या जामसंड्याच्या सड्यावरच्या आंब्याच्या कलमांवर कैऱ्या दिसू लागतात आणि वानरांचे कळप बागांत उतरतात. वानर खातो थोडं, नासतो फार. एक चावा घेऊन कैरी टाकतो, पुढच्या फांदीवर झेप घेतो, आणि त्या झेपेने झडलेल्या बारक्या कैऱ्यांचा तर हिशेबच नाही. या दिवसांत आमचे काका सकाळचा चहा झाला की कपाटाचं कुलूप काढतात, ठासणीची बंदूक खांद्याला लावतात आणि बागेची वाट धरतात. कोयता, झेला आणि ही बंदूक, त्यांच्या लेखी सगळी शेतीचीच अवजारं.

या बंदुकीला काडतूस नाही. दर बार हाताने भरावा लागतो, आणि तो भरताना काका एक शब्द बोलत नाहीत. दस्ता जमिनीला टेकवून नळीचं तोंड चेहऱ्यापासून लांब धरतात आणि आधी नुसता गज आत सोडतात. गजावर त्यांनी तारेचा वेढा देऊन खूण केली आहे. नळी रिकामी असेल तर गज थेट त्या खुणेपर्यंत जातो. खूण वर राहिली तर समजायचं, आत जुना बार आहे. हे पाहिल्याशिवाय दारूच्या डब्याला हात लावायचा नाही, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला दंडक. अमेरिकेच्या यादवी युद्धात 1863 साली गेटिसबर्गच्या रणांगणावरून साडेसत्तावीस हजारांच्या आसपास बंदुका गोळा केल्या, त्यांतल्या सुमारे 24,000 भरलेल्या निघाल्या, आणि निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले होते, अशी नोंद आहे. पहिला बार उडालाच नाही हे त्या गोंधळात शिपायांना कळलं नव्हतं. काकांच्या गजावरच्या तारेच्या त्या वेढ्याची किंमत मला ही नोंद वाचल्यापासून जास्त वाटते.

मग मापाने दारू. तिच्यावर काथ्याचा बोळा, आणि गजाने ठासणी. पहिले ठोके मऊ लागतात. बोळा नीट बसला की गज उसळी मारून हातात परत येतो. ती उसळी मिळेपर्यंत काका थांबत नाहीत, कारण दारू आणि बोळा यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुटण्याचा धोका असतो. छर्रे भरायचे असतील तर ते त्यानंतर, आणि ते घरंगळू नयेत म्हणून वर आणखी एक बोळा. सगळ्यात शेवटी घोडा अर्धा चढवून नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. वानरं हाकायची असतात तेव्हा काका छर्रे भरतच नाहीत. दारू आणि बोळा, बस्स. मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा म्हणाले होते, “ही मारूक नाय रे, भियवूक.”

बार निघाला की सड्यावर पांढऱ्या धुराचा लोट उठतो, गंधकाचा वास नाकात बसतो आणि आवाज पार खालच्या वाडीपर्यंत जातो. वानरांचा कळप तासाभरासाठी तरी पांगतो. दुसरा बार भरायला मिनिटभर सहज जातं, म्हणून पहिला वाया घालवायचा नाही. ‘ठासून भरलेला’ आणि ‘फुसका बार’ हे आपण रोज बोलतो ते शब्द याच कामातून आलेले आहेत, आणि कोकणात ते अजून कामावर आहेत.

त्या तांब्याच्या टोपीचं मूळ मात्र शिकारीत आहे. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची रंजक भडकते, मग आतली दारू पेटते. मधल्या क्षणात पक्षी ठिणगी पाहून निसटायचे. फोर्सिथ यांनी ठोक्यासरशी पेट घेणारं रसायन वापरून तो क्षण काढून टाकला आणि 1807 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. टोपी त्यातूनच पुढे आली. ब्रिटिश फौजेची 1853 ची एन्फील्ड रायफलही अशीच तोंडाने भरायची आणि टोपीने उडायची. पुढे 1866 मध्ये स्नायडर आणि 1871 मध्ये मार्टिनी-हेन्री आली. याही एकबारीच, पण यांचं काडतूस मागून घालायचं. फौजांनी गज टाकून दिला. आमच्या शेतकऱ्याने तो ठेवला, आणि त्याला कायद्याचा आधार आहे.

1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन म्हटलं आहे की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ती मागणाऱ्याला परवाना द्यावा. ती पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. चक्री आटे असलेली रायफल यात बसत नाही. म्हणजे जिल्ह्याच्या मुख्यालयी, सिंधुदुर्गनगरीला अर्ज करताना सातबारा हाच खरा आधार. पुढे पोलिसांची चौकशी, मग परवाना, आणि दारू-टोप्यांचा कोटाही त्या परवान्यावरच लिहिलेला. बहुतेक घरांत मात्र बंदूक विकत येत नाही, वारशाने येते. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा त्याने शस्त्र 25 वर्षं बाळगलं, तर हयातीतच ते वारसाच्या नावावर करता येतं. शेजारच्या कर्नाटकातल्या कोडगूत कोडव लोकांना परवान्यातूनच सूट आहे. ती केंद्र सरकारने 2029 पर्यंत वाढवली आहे. आमच्याकडे तशी मागणी मी कधी ऐकली नाही. परवाना वेळेवर मिळावा, एवढंच लोकांचं म्हणणं असतं.

तक्रार आहे ती निवडणुकीची. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं लोकसभेचं मतदान 2024 मध्ये 7 मे रोजी झालं. म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात राखणदार हात चोळत बसला. जिल्ह्याची छाननी समिती सूट देऊ शकते, पण अर्ज-विनंत्या होईपर्यंत कैऱ्या थांबत नाहीत. शेतीसंरक्षणाच्या परवान्यांचा वेगळा विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

तितकंच मनापासून दुसरंही सांगतो. हा परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्याला मारायचं तर अकराव्या कलमाखाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. रात्री विजेरी घेऊन भेकरामागे फिरणारा माणूस शेजारच्या दहा प्रामाणिक बागायतदारांचा परवाना धोक्यात आणतो.

मे अखेरीस शेवटच्या पेट्या गेल्या की बंदुकीचं न्हाणं असतं. दारूची काजळी हवेतला ओलावा ओढून घेते, त्यात समुद्र हाकेवर. तशीच ठेवली तर पावसाळा संपेस्तोवर नळी आतून खाऊन जाईल. टोपी नाही याची खात्री करून काका गज घालतात, खूण पाहतात, मग नळीतून कढत पाणी सोडतात. बोंडीतून आधी शाईसारखं काळं पाणी ठिबकतं, मग राखाडी, मग नितळ. गजाला चिंधी गुंडाळून ती कोरडी येईपर्यंत फिरवायची, शेवटी तेलाचा हात. यंदा त्यांची बोटं थरथरत होती, म्हणून चिंधी मी धरली. वारस म्हणून अर्जावर माझं नाव घातलं आहे. गज बाहेर काढून बाजूला ठेवला, तर त्यांनी तो पुन्हा माझ्या हातात दिला.

“परत घाल. खूण बघ.”