नाईट शिफ्टला रील्स बघून कंटाळलात? कामावरच्या मोकळ्या वेळात अशी तयार होते छोटी गाडी

रात्रीचे अडीच वाजलेत. सपोर्टच्या क्यूमध्ये एकही तिकीट नाही. शेजारचा सहकारी जॅकेट गळ्यापर्यंत ओढून खुर्चीत रेललाय. हातात मोबाईल आहेच. एक रील बघितली, मग दुसरी, मग तिसरी. मान वर केली तर सव्वातीन वाजलेले. एवढ्या वेळात काय बघितलं विचारलं, तर धड सांगताही येत नाही.

हे चित्र फक्त आयटी कंपन्यांमधलं नाही. डॉक्टरांच्या केबिनबाहेर ताटकळणारा एमआर, साहेबांची मीटिंग संपायची वाट बघणारा ड्रायव्हर, प्रोजेक्ट मिळेपर्यंत ‘बेंच’वर बसलेला इंजिनिअर, दुपारी गिऱ्हाईक नसलेला दुकानदार. कामावर असूनही हाताला काम नाही, अशी माणसं सगळीकडे आहेत. घरी जाता येत नाही, झोपता येत नाही. मग उरतो मोबाईल.

पण काही जण या वेळात बॅगेतून एक जुना टिफिन काढतात. आत असतात प्लास्टिकचे बारीक तुकडे, एक नेलकटर आणि चिमटा. महिन्या-दीड महिन्यात त्या तुकड्यांची एक छोटी गाडी झालेली असते. या छंदाला म्हणतात स्केल मॉडेलिंग.

स्केल मॉडेल किट म्हणजे नेमकं काय?

खेळण्याच्या दुकानातली गाडी तयार मिळते. किटमध्ये गाडी सुट्या भागांत येते. डबा उघडला की प्लास्टिकच्या चौकटी दिसतात आणि त्यांना इंजिन, सीट, स्टिअरिंग, आरसे असे भाग लटकलेले असतात. प्रत्येक भागाला नंबर असतो. सोबत रबरी टायर, काचांचे पारदर्शक भाग, नंबरप्लेटसाठी पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर (यांना डिकल म्हणतात) आणि कुठल्या पायरीला कुठला नंबर जोडायचा हे चित्रांनी सांगणारा कागद असतो.

हे भाग तयार होतात इंजेक्शन मोल्डिंगने. प्लास्टिक वितळवून दाबाने धातूच्या साच्यात सोडायचं, थंड झालं की बाहेर काढायचं. चाकण-भोसरीत नोकरी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खऱ्या गाडीचे बंपर आणि डॅशबोर्डही याच पद्धतीने बनतात.

आता ‘स्केल’चा विषय. दिवाळीत किल्ला केलेल्या प्रत्येकाला ही अडचण माहीत आहे. मावळे एका दुकानातून आणले, तोफ दुसऱ्या दुकानातून, आणि दरवाजा आपण मातीचा केला. शेवटी पहारेकरी दरवाजापेक्षा उंच होतो! स्केल मॉडेलमध्ये हे चालत नाही. गाडीचा प्रत्येक भाग एकाच प्रमाणात लहान केलेला असतो. गाड्यांमध्ये १/२४ हे प्रमाण लोकप्रिय आहे, म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट मॉडेलमध्ये अर्धा इंच होतो. मारुती ८०० ची लांबी ३,३३५ मिलिमीटर होती. ती १/२४ मध्ये केली तर जवळपास १४ सेंटीमीटरची होईल. तळहातावर मावेल एवढी.

एअरफिक्सचं किट आलं कामाच्या गरजेतून

मॉडेल किट म्हटलं की ब्रिटनच्या ‘एअरफिक्स’चं नाव येतंच. निकोलस कोव्ह या मूळच्या हंगेरियन माणसाने १९३९ मध्ये ही कंपनी काढली. सुरुवातीला ती हवा भरायची रबरी खेळणी बनवायची.

१९४९ मध्ये कंपनीला एक काम मिळालं. फर्ग्युसन ट्रॅक्टर विकणाऱ्या सेल्समनना सोबत नेता येईल असं ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल हवं होतं. एअरफिक्सने भाग साच्यात काढले आणि कामगारांकडून ते हाताने जोडून घेतले. पण हाताने जोडायचं म्हणजे वेळ आणि मजुरी दोन्ही आलं. मग खर्च कमी करायला हाच ट्रॅक्टर सुट्या भागांत विकायला काढला. ज्या जोडणीसाठी कंपनीला मजुरी द्यावी लागत होती, त्याच जोडणीसाठी गिऱ्हाईक स्वतःचे पैसे देऊ लागलं! पुढे १९५०च्या दशकात ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचं किट साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन शिलिंगला वूलवर्थच्या दुकानांत आलं आणि हा छंद सामान्य घरांत पोहोचला.

दुसरं मोठं नाव जपानच्या ‘तामिया’चं. शिझुओका शहरात १९४६ मध्ये सुरू झालेली ही कंपनी आधी लाकडाचा धंदा करायची. त्यातून लाकडी मॉडेल आली आणि मग प्लास्टिकची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटरी आणि मोटर बसली पाहिजे, म्हणून रणगाड्याचा आकार त्या हिशोबाने ठरवला. नंतर मोजलं तर प्रमाण निघालं साधारण १/३५. पुढे जगभरातल्या कंपन्यांनी रणगाड्यांसाठी हाच आकडा उचलला.

तामियाचाच आणखी एक किस्सा. पोर्शे ९३४ या रेसिंग कारचं किट करायचं होतं. फोटो आणि मापं पुरेशी वाटेनात, तेव्हा शुन्साकू तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि आत काय कसं बसवलंय हे बघायला ती खोलली. ते किट १९७६ मध्ये बाजारात आलं.

पण हे कामावरच्या वेळात जमतं कसं?

कामावरचा मोकळा वेळ सलग मिळत नाही. दहा मिनिटं मिळतात, मग फोन वाजतो. पुस्तक वाचायला घेतलं तर प्रत्येक वेळी मागचं पान परत वाचावं लागतं. किटचं तसं नाही, कारण ते आधीच तुकड्यांत आणि पायऱ्यांत वाटलेलं असतं. आज चार चाकं कापून घासली, उद्या दोन सीट. मध्येच उठावं लागलं तरी तुकडा जिथे होता तिथेच राहतो.

दुसरं म्हणजे या छंदात करण्याइतकंच थांबणंही असतं. गोंद पक्का होऊ द्यायचा, रंग वाळू द्यायचा. सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत गाडी उडवायला गेलेला माणूस ओल्या रंगावर बोटाचे ठसे उमटवतो. रोज पंधरा मिनिटं देणाऱ्याचा रंग तो शिफ्टला जाऊन येईपर्यंत आपोआप वाळलेला असतो.

छोट्या विश्रांतीचा फायदा होतो का, यावर संशोधनही झालंय. रोमानियातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात दहा मिनिटांपर्यंतच्या ब्रेकवरच्या आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अशा ब्रेकनंतर थकवा कमी होतो आणि तरतरी वाढते, असं त्यात दिसलं. कामाची गुणवत्ता मात्र सरसकट वाढलेली दिसली नाही. त्यामुळे ‘मॉडेल बनवा आणि प्रमोशन मिळवा’ असं कुणी सांगत असेल तर ती थाप समजा.

कामावर काय करायचं, घरी काय?

खरी मेख इथे आहे. सगळी कामं ऑफिसात करायची नसतात.

ऑफिसात: भाग कापणं, घासणं आणि गोंद न लावता जोडून बघणं. चौकटीतून भाग पिरगाळून तोडायचा नाही, प्लास्टिकवर पांढरा डाग पडतो किंवा टवका निघतो. आधी भागापासून जरा लांब कापायचं, मग उरलेलं टोक जवळून कापायचं आणि बारीक पॉलिश पेपरने साफ करायचं. धारदार ब्लेड गेटवरच्या सिक्युरिटीला पटेलच असं नाही, म्हणून नेलकटर बरं. ते हे काम चांगलं करतं.

घरी: गोंद आणि रंग. किटचा खास गोंद फेविकॉलसारखा चिकटवत नाही, तो प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकांत मिसळतात, आतलं रसायन उडून जातं आणि दोन भागांचा एकच भाग होतो. हे उडून जाणारं रसायन नाकात जातं, म्हणून हे काम उघड्या खिडकीशी करायचं. बंद एसी ऑफिसात गोंदाची बाटली उघडणं किंवा स्प्रे मारणं म्हणजे शेजाऱ्याला डोकेदुखी देणं. काचेच्या भागांना फेव्हिक्विकसारखा गोंद लावू नये, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. तिथे पांढरा गोंद चालतो, तो वाळल्यावर पारदर्शक होतो.

गोंदाची भानगडच नको असेल तर नुसते दाबून बसणारे ‘स्नॅप-फिट’ किट मिळतात. पहिल्यांदा करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

आणि टिफिन कशाला? एक तर कप्पे असतात. दुसरं, काम डब्याच्या झाकणातच करायचं. तांदळाएवढा आरसा चिमट्यातून उडून ऑफिसच्या कार्पेटमध्ये पडला, की तो झाडूवाल्या मावशींनाच सापडतो, तोही कचऱ्यात!

भारतात मिळणारी बरीचशी चांगली किट्स बाहेरून येतात आणि ती स्वस्त नसतात. पण किटशिवायही हा छंद होतो. महाराष्ट्रात एसटीचे चाहते सनबोर्ड आणि पुठ्ठ्यातून लालपरीच्या देखण्या प्रतिकृती करतात. मापं घ्यायची, प्रमाण ठरवायचं, कापायचं आणि जोडायचं.

कुठे अजिबात करू नये?

रिकामा वेळ आणि रिकामा दिसणारा वेळ, हे दोन वेगळे आहेत. सीसीटीव्हीसमोर बसलेला गार्ड, बॉयलरवरचा ऑपरेटर किंवा आयसीयूमधली नर्स हात रिकामे ठेवून बसलेली दिसली, तरी तिथे लक्ष ठेवणं हेच काम असतं. तांदळाएवढ्या भागावर नजर लावली की समोरच्या स्क्रीनवरची सुटते. तिथे मॉडेल नको आणि मोबाईलही नको. मशीन चालू असलेल्या शॉप फ्लोअरवरही सुटे तुकडे नेऊ नयेत.

बाकी ठिकाणीही वरिष्ठांना आधी विचारलेलं बरं. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर उघड केलेला छंद खपून जातो. ड्रॉवरमध्ये लपवून केलेला सापडला की मेमो येतो.

सगळ्यात अवघड पायरी शेवटची

या छंदातलं उघड गुपित म्हणजे कपाटातले न उघडलेले आणि अर्धवट राहिलेले डबे. नवीन किट घेताना मजा येते, ते संपवताना जीव जातो.

इथे एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ मध्ये ‘आयकिया इफेक्ट’वर शोधनिबंध लिहिला. लोकांना आयकियाचे खोके जोडायला, कागदाची ओरिगामी करायला आणि लेगो रचायला दिलं. स्वतः केलेली वस्तू ओबडधोबड असली तरी लोक तिची किंमत जास्त लावत होते. पण ज्यांचं काम अर्धवट राहिलं किंवा केलेलं मोडून टाकलं गेलं, त्यांच्यात ही ओढ उरली नाही. म्हणजे कष्टाचं मोल वाटतं, ते काम पूर्ण झालं तरच.

म्हणून पहिलं किट छोटं घ्यावं, कमी भागांचं. एका वेळी एकच डबा उघडावा. बोनेटवर रंगाचा ओघळ राहिला, एक आरसा कार्पेटने गिळला, तरी गाडी चाकांवर उभी करावी आणि मगच दुसरीकडे वळावं.

रात्रीचे अडीच उद्याही वाजणार आहेत आणि क्यू उद्याही रिकामा असणार आहे. त्या पाऊण तासाचे पैसे कंपनी तेवढेच देणार. फरक एवढाच, की दीड महिन्याने कुणी विचारलं, ‘रात्री बसून करतोस काय?’, तर उत्तर म्हणून मॉनिटरखाली १४ सेंटीमीटरची एक गाडी उभी असेल.