पाणी हे इंधन नव्हे

पेट्रोल-डिझेलचे भाव चढू लागले, की पाण्यावर चालणाऱ्या गाडीची गोष्ट पुन्हा निघते. चिटगुप्पा, हुमनाबाद, बीदर या भागात शेतमाल वाहणाऱ्या टेम्पोवाल्यास तिची भुरळ पडावी, हे स्वाभाविकच आहे. पाण्यात हायड्रोजन आहे आणि हायड्रोजन जळतो. मग पाण्यावर इंजिन का चालू नये?

हायड्रोजनवर इंजिन चालते, यात संशय नाही. इसाक द रिवाझ या स्विस संशोधकाने 1807 सालीच तसे इंजिन सिद्ध केले होते. बंगळुरू येथे फेब्रुवारी 2023 मध्ये रिलायन्स व अशोक लेलँड यांचा हायड्रोजन जाळणारा मालट्रक लोकांपुढे आला. त्याआधी ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात केपीआयटी व सीएसआयआर यांची हायड्रोजन बस दाखविण्यात आली. तिच्यात हायड्रोजन जळत नाही. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन वीज निर्माण होते आणि बाहेर पडते ते केवळ पाणी.

सारे मर्म येथेच आहे. लाकूड जळून जशी राख उरते, तसे हायड्रोजन जळून पाणी उरते. राख पुन्हा पेटत नाही. पाण्यातून हायड्रोजन परत मिळवावयाचा, तर वीज खर्चावी लागते. 1 किलो हायड्रोजनसाठी 9 लिटर पाणी व सुमारे 50 ते 55 युनिट वीज लागते. त्या हायड्रोजनमधून मिळू शकणारी ऊर्जा असते सुमारे 33 युनिट; आणि तिच्यातीलही जेमतेम निम्मी चाकांपर्यंत पोहोचते.

गाडीतच पाण्याचे विघटन करून इंधन वाचवू, असे सांगत उपकरणे विकली जातात. पण त्यांना वीज पुरविणारा डायनामो फिरतो तो इंजिनाच्याच इंधनावर! मोटेने उपसलेले पाणी विहिरीत सोडून त्याच्या जोरावर मोट ओढण्यासारखाच हा प्रकार. अमेरिकेतील ओहायो राज्यात पाण्यावर गाडी चालविण्याचा दावा करणाऱ्या स्टॅन्ली मेयरला न्यायालयाने 1996 मध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करावयास लावले.

मग पाण्यापासून हायड्रोजन करणे व्यर्थ आहे काय? तसे नाही. सूर्य व वारा यांच्यापासून मिळणारी वीज साठविण्याचा तो एक मार्ग आहे. केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे उद्दिष्ट, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांची उत्पादनक्षमता उभारण्याचे आहे. मात्र लहान गाडीपुरते पाहिल्यास तीच वीज सरळ बॅटरीत भरणे अधिक किफायतशीर ठरते.

तेव्हा असे उपकरण घेण्यापूर्वी टेम्पोवाल्याने विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: पाणी फोडावयाची वीज येणार कोठून? उत्तर ‘तुमच्याच इंजिनातून’ असे आले, तर पैसे खिशातच ठेवावेत.