आपली गाठ आपणच मारणारी प्रथिने

प्रथिनाचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांची एक लांबलचक माळ होय. या माळेत कोणते मणी कोणत्या क्रमाने ओवावयाचे, हे जनुकात लिहिलेले असते. माळ पुरी झाली की ती ठराविक रीतीने दुमडली जाते आणि आपल्या कामास लागते. काही माळा मात्र त्याआधी एक विलक्षण गोष्ट करतात. आपल्या मधला एक तुकडा त्या स्वतःच तोडून टाकतात आणि उरलेली दोन टोके स्वतःच सांधतात. त्यासाठी त्यांना ना दुसऱ्या एन्झाइमची मदत लागते, ना बाहेरून पुरविलेली ऊर्जा.

जनुकाचा संदेश वाहणाऱ्या आरएनएमधून मधले भाग वगळले जातात, हे शास्त्रज्ञांना १९७७ पासून ठाऊक होते. परंतु तयार झालेले प्रथिनही असेच करू शकते, हे १९९० साली प्रथम यीस्टमध्ये आढळले. गळून पडणाऱ्या तुकड्यास ‘इन्टीन’ आणि सांधल्या जाणाऱ्या भागांस ‘एक्स्टीन’ ही नावे १९९४ साली देण्यात आली.

आपल्या देशाच्या दृष्टीने याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण क्षयाच्या जंतूत सापडते. ‘रेक-ए’ नावाचे प्रथिन या जंतूच्या मोडलेल्या डीएनएची दुरुस्ती करते. लंडन येथील संशोधकांना १९९१-९२ मध्ये असे दिसून आले की, हे प्रथिन आरंभी ७९० अमिनो आम्लांचे असते. त्यांपैकी मधली ४४० इन्टीनची असतात. ती निघून गेली की पुढची २५१ व मागची ९९ एकत्र येऊन ३५० अमिनो आम्लांचे कार्यक्षम प्रथिन सिद्ध होते.

ही कापणी व जोडणी चार पायऱ्यांनी होते. इन्टीनच्या आरंभी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. पुढच्या भागाशी असलेला त्याचा बंध प्रथम गंधकावर सरकतो आणि सैल होतो. मग तो पुढचा भाग मागच्या भागाच्या तोंडाशी असलेल्या दुसऱ्या सिस्टीनला जाऊन चिकटतो. माळेला जणू फाटा फुटतो. तिसऱ्या पायरीत इन्टीनच्या शेवटचे अ‍ॅस्परजीन स्वतःभोवती वळून कडे करते, आणि इन्टीन सुटून पडते. शेवटी नवा सांधा नेहमीच्या पक्क्या बंधात पालटतो.

सुटलेला तुकडाही निरुपयोगी नसतो. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत के. मुनियप्पा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखविले की, क्षयजंतूचे हे इन्टीन डीएनएची दुहेरी साखळी ठराविक जागी तोडू शकते. पुढे २००९ साली त्यांनी कुष्ठरोगाच्या जंतूतील रेक-ए इन्टीनचाही असाच अभ्यास प्रसिद्ध केला. इन्टीन नसलेल्या जनुकात असा छेद पडला की, तो दुरुस्त होताना इन्टीनची नक्कल तेथे उतरू शकते. म्हणजे हा आगंतुक पाहुणा आपला वंशही वाढवितो. यजमानाच्या प्रथिनास इजा न करता निघून जाणे, हीच त्याच्या टिकून राहण्याची अट आहे.

मात्र हाच पाहुणा वेळेवर निघाला नाही तर? क्षयजंतूत रेक-ए खेरीज ‘डीएनए-बी’ व ‘सफ-बी’ या प्रथिनांतही इन्टीन असते. डीएनएची नक्कल करण्याचे काम डीएनए-बीवाचून चालत नाही. तेव्हा ही जोडणी थांबविता आली, तर जंतूची वाढ खुंटेल. मानवी प्रथिनांत इन्टीन नसल्यामुळे अशा औषधाचा घाव नेमका जंतूवर पडण्याची आशा आहे. कर्करोगावरील सिसप्लॅटिन हे औषध ही क्रिया अडवू शकते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. ते स्वतः फार विषारी असल्याने क्षयावर सरसकट देण्याजोगे नाही. परंतु मार्ग आहे, एवढे त्यावरून कळते.

जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत, आणि जुन्या औषधांना न जुमानणारे जंतूही आढळतात. अशा वेळी जंतूच्या अंगातील ही मूळचीच सांध म्हणजे त्याचे मर्मस्थान ठरू शकेल.