विद्यापीठाआधी जन्मलेलं विद्यार्थ्यांचं मासिक : मराठी ज्ञानप्रसारक



कॉलेजचा वार्षिक अंक म्हटला की आपल्याला काय आठवतं? प्राचार्यांचं मनोगत, गॅदरिंगचे फोटो आणि मागच्या पानांवर चार कविता. पण मराठीत विद्यार्थ्यांनी चालवलेल्या मासिकाची परंपरा याहून खूप मोठी आहे. ती विद्यापीठापेक्षाही जुनी आहे. कशी, ते आज समजून घेऊ.

सुरुवात कशी झाली?

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. त्याच्याही आधी मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ही नामांकित शिक्षणसंस्था होती. 'दर्पण' आणि 'दिग्दर्शन' काढणारे बाळशास्त्री जांभेकर इथेच शिकवायचे. १८४६ मध्ये ते गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८४८ मध्ये, प्राध्यापक पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली इथल्या विद्यार्थ्यांनी एक सभा स्थापन केली. तिचं नाव स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. ठराविक दिवशी जमायचं, एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर चर्चा करायची, असं कामाचं स्वरूप होतं. तरुण दादाभाई नौरोजी त्यात पुढे होते.

पण एक अडचण होती. हे सगळं चालायचं इंग्रजीत. गिरगावातला दुकानदार, घरातली आई, गावाकडचा भाऊ यांना त्याचा काय उपयोग? म्हणून त्याच वर्षी सभेच्या दोन शाखा निघाल्या, एक गुजराती आणि एक मराठी. मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष झाले दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ मध्ये मराठी व्याकरण लिहिणारे ते हेच दादोबा!

या सभेने १८५० मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक सुरू केलं.

काळ डोळ्यासमोर आणा

१८५० साली मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झालेली नव्हती, ती आली १८५३ मध्ये. आपला तिरोडा-गोंदियाचा भाग तर इंग्रजी राज्यातही नव्हता, इथे नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं. आपल्या भागाला नागपूर विद्यापीठ मिळायला १९२३ साल उजाडावं लागलं. मुलांना शिकवताना अशा तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या की इतिहास पाठ करावा लागत नाही, तो समजतो.

मासिकाने काय साधलं?

१) इतिहास, भूगोल, विज्ञान, चरित्र, समाजसुधारणा असे विषय मराठीतून मांडले. आज 'गुरुत्वाकर्षण' शब्द आपण सहज उच्चारतो. पण त्या काळी नव्या शास्त्रांवर मराठीत लिहायचं म्हणजे अनेकदा शब्दच घडवावे लागत, नाहीतर साध्या भाषेत फोड करून सांगावं लागे. आपण वर्गात रोज तेच करतो, नाही का?

२) 'मुंबईचे वर्णन' लिहिणारे गोविंद नारायण माडगावकर यांच्यासारख्या लेखकांना या सभेत निबंध वाचायला व्यासपीठ मिळालं. मराठी निबंध घडला तो अशा जागी.

३) मासिक १८६७ पर्यंत चाललं. आज शाळेतला भित्तीपत्रकाचा उपक्रम दुसऱ्या सत्रापर्यंत टिकवताना आपली किती दमछाक होते! त्या मानाने सतरा वर्षं म्हणजे फार झाली.

फक्त लिहून थांबले नाहीत

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पुढच्याच वर्षी मुंबईत या सोसायटीच्या तरुणांनी मुलींचे वर्ग सुरू केले. सुरुवातीला ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. शिकवणारे सदस्य पगार घेत नव्हते, आपलं काम सांभाळून सकाळच्या वेळात शिकवत होते. स्वतः शिकताना जे कळलं ते ज्याला मिळालं नाही त्याच्यापर्यंत न्यायचं, हा त्यामागचा विचार. मासिक हा त्याच विचाराचा एक भाग होता.

आपल्या शाळेत काय करता येईल?

पुढे १९२० च्या दशकात साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवलं आणि १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढलं. म्हणजे छापखाना नसला तरी अडत नाही. कोरे कागद, पेन आणि सुईदोरा पुरे.

• तिसरी ते पाचवीच्या मुलांना महिन्यातून एक पान द्या. विषय गावातलेच घ्या : धानाचा रोवणा, मोहफुलं, मामा तलाव, नागझिऱ्याचं जंगल, आजीचं औषध.

• मूल घरी झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलत असेल तर तो शब्द खोडू नका. तसाच ठेवून शेजारी प्रमाण मराठी शब्द लिहायला सांगा. एका वर्षात वर्गाचा छोटा शब्दकोश तयार होईल.

• अंक कपाटात ठेवू नका. दर आठवड्याला एका मुलाने तो घरी न्यावा आणि मोठ्याने वाचून दाखवावा.

पालक विचारतात, "सर, याचे मार्क किती?" प्रश्न रास्त आहे. मार्क नाहीत. पण जे मूल बांधीत पाणी कसं अडवतात हे आठ ओळींत नीट सांगू शकतं, त्याला परिसर अभ्यासाचं उत्तर पाठ करावं लागत नाही. आणि मुलाने लिहिलेलं घरात कुणीतरी कान देऊन ऐकतं, तेव्हा आपली भाषा कमी दर्जाची आहे ही भीती त्याच्या मनात घर करत नाही. इंग्रजी त्याने जरूर शिकावी. एल्फिन्स्टनची मुलंही इंग्रजीत शिकली होती. पण शिकलेलं त्यांनी मराठीत आणून वाटलं.

या महिन्यात एकच पान लिहून घ्या. पुढच्या महिन्यात मुलं स्वतःहून दुसरं मागतील.