मांसल गोवंशाचे पैदासकार-संघ आणि वंशनोंदवहीची विश्वासार्हता

प्रस्तावना

पशुपैदाशीच्या अभ्यासात आहार, रोग आणि जनुके यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या वहीत जनावराचा बाप, आई, जन्मतारीख व वजन लिहिले जाते त्या वहीची, आणि ती वही सांभाळणाऱ्या संस्थेची, चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील मांसल गोवंशाच्या पैदासकार-संघांचा या दृष्टीने विचार केला आहे. हा विषय वरवर पशुविज्ञानाचा वाटला तरी वाणिज्य, संख्याशास्त्र आणि संस्था-व्यवस्थापन यांच्या अभ्यासकांनाही तो तितकाच जवळचा वाटावा असा आहे.

गुरांची पहिली छापील वंशनोंदवही जॉर्ज कोट्स यांनी शॉर्टहॉर्न जातीसाठी १८२२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत जॉर्ज ग्रँट यांनी १८७३ मध्ये स्कॉटलंडहून अँगस जातीचे चार वळू कॅन्ससमध्ये आणले. त्यानंतर १८८१ मध्ये हेरफर्ड आणि १८८३ मध्ये अँगस पैदासकारांचे संघ स्थापन झाले. या संघांची रचना सहकारी संस्थेसारखी आहे. सभासद प्रत्येक वासराच्या नोंदणीसाठी शुल्क देतात, आपल्यातूनच संचालक निवडतात आणि दैनंदिन कारभारासाठी पगारी कार्यकारी प्रमुख नेमतात.

मूळ अडचण याच रचनेत आहे. नोंदणीचा दाखला जनावराची किंमत वाढवितो, म्हणून पैदासकार चांगल्या वासरासाठी शुल्क भरतो. खुजे, अशक्त वा व्यंग असलेले वासरू नोंदविण्यासाठी पदरचे पैसे कोण मोडणार? शिवाय धोरण ठरविणाऱ्या संचालकांचेच वळू त्या वहीत असतात. अशा संस्थेचे नेतृत्व म्हणजे विक्रेत्यांच्या संघटनेकडून ग्राहकाच्या उपयोगाचे खरे लेखन करवून घेणे होय.

दोन संकटे, दोन प्रतिसाद

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन प्रदर्शनांत आखूड पायांच्या, ठेंगण्या व गोलसर जनावरांना बक्षिसे मिळत. त्याच काळात हेरफर्ड कळपांत खुजी वासरे जन्मू लागली. ती घोरल्यासारखा श्वास घेत आणि बहुधा फार काळ जगत नसत. दोष एका अप्रभावी जनुकाचा होता. दोन वाहकांचा संकर झाल्यास सरासरीने चारांपैकी एक वासरू बाधित निघते. वाहक स्वतः मात्र निरोगी दिसतो. त्यातही वाहक जनावरे किंचित अधिक ठेंगणी व भरीव दिसत असल्याने परीक्षकांच्या नजरेत तीच भरत आणि दोष असलेले जनुकच बक्षिसास पात्र ठरे. पैदासकारांनी अशी वासरे गुपचूप नाहीशी केली. नोंदवहीत त्यांचा मागमूस राहिला नाही, आणि कोणत्या वळूपासून धोका आहे हे कुजबुजीतून कळून घेण्याची पाळी ग्राहकांवर आली. परिणामी, पुराव्याची वाट न पाहता संपूर्ण घराणीच संशयित ठरली व निर्दोष जनावरांचीही किंमत कोसळली.

अँगस जातीपुढे तशीच परीक्षा २००८ मध्ये उभी राहिली. मणका वाकडा आणि पाय आखडलेले अशी मृत वासरे जन्मत असल्याचे दिसून आले. शोध घेता हा दोष मुख्यतः जी. ए. आर. प्रिसिजन १६८० या कृत्रिम रेतनासाठी अतिशय मागणी असलेल्या वळूच्या वंशात पसरल्याचे आढळले. इलिनॉय विद्यापीठातील जोनाथन बीव्हर यांनी काही महिन्यांतच वाहक ओळखण्याची डीएनए चाचणी तयार केली. या वेळी संघाने मौन पाळले नाही. चाचणीचे निकाल जनावरागणिक उघड करण्यात आले, आणि वाहक कोण व मुक्त कोण हे खरेदीदाराला वंशावळीतच वाचता येऊ लागले.

यात अनेक पैदासकारांचे मोठे नुकसान झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांनी त्या वंशावर वर्षानुवर्षे कळप उभारला होता त्यांच्या कालवडींचे मोल अल्पावधीत घसरले. तथापि चाचणीत मुक्त ठरलेल्या भावंडांना निष्कलंकतेचा लेखी पुरावा मिळाला. हेरफर्डच्या प्रसंगी नेमका तोच उपलब्ध नव्हता. दोन्ही प्रसंगांतील फरक केवळ तंत्रज्ञानाचा नाही. चाचणी नसतानाही खुज्या वासराचा बाप कोण, हे वहीत लिहिता आलेच असते.

न लिहिलेल्या वासरांचा हिशेब

उघड व्यंगापेक्षा अधिक व्यापक आणि कमी चर्चिला गेलेला प्रश्न निवडक नोंदीचा आहे. जनावराचे आनुवंशिक मूल्य त्याच्या निव्वळ वजनावरून काढीत नाहीत. एकाच कळपात, एकाच हंगामात, सारख्या संगोपनात वाढलेल्या समकालीन गटाच्या सरासरीपासून ते किती दूर आहे यावरून काढतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कळपातील दहा वासरांची दूध तोडतानाची वजने १८० पासून २७० किलोपर्यंत, प्रत्येकी दहा किलोच्या अंतराने आहेत. गटाची सरासरी २२५ किलो येते आणि सर्वोत्तम वासरू तिच्यापेक्षा ४५ किलोंनी सरस ठरते. आता पैदासकाराने फक्त वरची पाच वासरे कळविली तर सरासरी २५० होते आणि त्याच वासराचे आधिक्य अवघे २० किलो उरते. म्हणजे कमी वजनाची वासरे लपविणारा आपल्याच उत्तम वळूचे अवमूल्यन करून घेतो. संघप्रमुखाने सभासदांना नीतीपेक्षा हा हिशेब समजावून सांगावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फळ्यावर तो मांडण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

गाईच्या बाबतीत स्थिती आणखी विचित्र होते. वासरागणिक शुल्क घेणाऱ्या वहीत जी गाय व्यायली तिचीच नोंद होते. जी भाकड राहिली ती त्या वर्षी वहीला दिसतच नाही. मांसोत्पादनात गाईने दरवर्षी वासरू देणे हा नफ्याचा पाया असताना नेमका तोच गुण अमोजलेला राहतो.

यावर रेड अँगस संघाने काढलेला मार्ग लक्षणीय आहे. या संघाचा जन्मच नोंदवहीच्या नियमातून झाला. अँगसमधील लाल रंग अप्रभावी जनुकाचा असतो. जात संपूर्ण काळी राखण्यासाठी मूळ संघाने १९१७ पासून लाल जनावरांची नोंदणी बंद केली. वगळलेल्या या जनावरांच्या पैदासकारांनी १९५४ मध्ये स्वतंत्र संघ स्थापिला आणि आरंभापासूनच रंगरूपापेक्षा मोजमापावर भर दिला. या संघाने १९९५ मध्ये संपूर्ण कळपाची नोंद अनिवार्य केली. शुल्काचा आधार वासरू न राहता गाय झाली. कळपातील प्रत्येक प्रजननक्षम गाईसाठी वार्षिक आकार द्यावयाचा, आणि ती व्यायली, भाकड राहिली, विकली वा मेली याचा जाब द्यावयाचा. वासरू न कळविल्याने एक पैसाही वाचत नाही, त्यामुळे लपविण्याचे आर्थिक कारणच उरत नाही. गाय कळपात किती वर्षे टिकते याचा आनुवंशिक अंदाज अशा नोंदींमुळेच भरवशाचा होतो. काळ्या अँगसच्या संघाने मात्र कळपनोंद ऐच्छिक ठेवली. सभासदसंख्या मोठी असली की सक्ती अवघड होते, हे सहकारी संस्थांचा अनुभव असणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

पितृत्वाची खातरजमा हा सुधारणेचा दुसरा भाग. एकाच कुरणात दोन-तीन वळू सोडले असता बाप कोण हा बहुधा तर्कच असतो. पूर्वी रक्तगटांवरून आणि आता डीएनएवरून हा तर्क तपासता येतो. चुकीचा बाप लिहिला गेल्यास एका वळूचे श्रेय दुसऱ्यास मिळते आणि दोघांचेही मूल्यांकन बिघडते.

भारतीय संदर्भ

अमेरिकन ब्राह्मण या मांसल जातीच्या घडणीत गीर, गुजरात (कांकरेज) व नेल्लोर यांच्याबरोबर कृष्णाकाठच्या कृष्णा व्हॅली जातीचाही वाटा आहे. तिच्या पैदासकारांनी १९२४ मध्ये संघ स्थापून वंशनोंद सुरू केली. म्हणजे आपल्याकडून गेलेल्या गुरांच्या वंशजांच्या पिढ्या तेथे लिहिल्या गेल्या. महाराष्ट्रात २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी असल्याने मांसासाठी पैदास हा येथील विषय नाही. दूध आणि ओढकाम यांसाठी मात्र वंशनोंदीचे तत्त्व तेच राहते. केंद्र शासनाने १९६३ मध्ये सुरू केलेली केंद्रीय कळप नोंदणी योजना गीर, कांकरेज, हरियाणा व ओंगोल या गोजाती आणि काही म्हैसजातींपुरती आखली गेली. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे खिलार, देवणी, डांगी, गवळाऊ, लाल कंधारी या जातींची नोंद आहे. परंतु जातीची नोंद म्हणजे त्या जातीतील प्रत्येक जनावराची वंशनोंद नव्हे. अलीकडे जनावरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो, त्यामुळे ओळख पटते. त्या क्रमांकापुढे वळूचा क्रमांक आणि गाय भाकड राहिल्याचे वर्ष लिहिण्यासाठी रकाना लागतो, आणि तो भरून घेणारी पैदासकारांची संस्थाही लागते.